सिरॅमिकच्या वाडग्यावर उरुशी आणि माकिए: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

काठाजवळ काळा थर सुटून येतो, रेघांना सुरकुत्या पडतात, नाहीतर दोनदा धुतल्यावर सोनं झडतं. सिरॅमिकवर उरुशीचं, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या एका झाडाच्या चिकाचं, काम करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक या तीनच असतात. दोष सोन्याचा नसतो, हाताचाही क्वचितच असतो. लाकडी भांड्याची रीत जशीच्या तशी मातीच्या भांड्यावर वापरली की हे ठरलेलं. लाकूड उरुशी पिऊन घेतं, घट्ट भाजलेली माती फारशी पीत नाही आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, तर अजिबातच नाही. म्हणून इथे पहिले थर ओव्हनमध्ये भाजून बसवायचे, त्यावर दमट पेटीत वाळणारे काळे थर द्यायचे आणि सगळ्यात शेवटी माकिए करायचं, म्हणजे ओल्या उरुशीने काढलेल्या चित्रावर धातूची भुकटी पेरायची. या क्रमातली एक पायरी गाळली तर ती पुढे कुठेही भरून काढता येत नाही.

खालची कृती १२ ते १३ सेंटिमीटर व्यासाच्या, आतून ग्लेझ असलेल्या आणि बाहेरून ग्लेझ नसलेल्या स्टोनवेअर वाडग्यासाठी आहे. बाहेर काळी उरुशी आणि तिच्यावर सोन्याची किंवा चांदीची एक गवताची काडी, एवढंच. आतली बाजू तशीच ठेवायची. खाणं काचेसारख्या ग्लेझला लागावं, कोवळ्या उरुशीला लागू नये.

सामान घेताना

- कच्ची उरुशी (की-उरुशी): १० ग्रॅम
- काळी उरुशी (कुरो-उरुशी): १० ग्रॅम
- चित्रासाठी लाल उरुशी (ए-उरुशी): २ ते ३ ग्रॅम
- सोन्याची किंवा चांदीची गोल भुकटी (मारुफुन), १ ते ३ नंबर: १ ग्रॅम. नंबर वाढतो तसा कण मोठा होतो.
- शुद्ध गम टर्पेंटाइन. रॉकेल किंवा दुकानातला थिनर चालत नाही.
- उरुशी गाळायचा कागद, सपाट ब्रश, रेघांसाठी लांब केसांचा बारीक कुंचला
- ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर
- भुकटी पेरायची नळी, एका तोंडाला तलम रेशमी जाळी लावलेली
- फक्त याच कामाचा छोटा ओटीजी, आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर, हवेतली आर्द्रता मोजायचा एक हायग्रोमीटर

उरुशी घेताना एक गोष्ट नीट पाहा. ‘काशू’ नावाने किंवा ‘नवी उरुशी’ म्हणून मिळणारा माल बहुतेक वेळा काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेला रंग असतो. तो दमटपणाशिवाय वाळतो, हाताळायला सोपा असतो, पण खाण्याच्या भांड्यासाठी तो घेऊ नये आणि खालची भाजण्याची रीत त्याला लागू होत नाही. सावंतवाडीच्या गंजिफांवरची लाखही वेगळी. ती किड्यापासून मिळते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. उरुशी हा झाडाचा चीक आहे आणि एकदा घट्ट झाला की तो कशातच विरघळत नाही.

टप्पा १: कातडी सांभाळा

उरुशीतला उरुशिऑल अंगावर उठतो. बिब्बा, आंबा आणि काजू ही सगळी याच कुळातली झाडं. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ सुजतात किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने ज्यांच्या हाताची सालं निघतात, त्यांनी या कामापासून लांब राहिलेलं बरं.

नायट्राइलचे लांब हातमोजे घाला, बाह्या मनगटापर्यंत ओढा, मोजा आणि बाही यांच्या मधल्या फटीवर गोडेतेल चोळा. उरुशी लागलीच तर आधी गोडेतेलाने पुसा, मग साबणाने धुवा. तिथे टर्पेंटाइन चोळू नका, ते चीक पातळ करून आणखी पसरवतं. पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं. म्हणून ‘मला काही होत नाही’ असा निष्कर्ष पहिल्या संध्याकाळी काढू नका. चेहरा किंवा डोळे सुजले तर थेट डॉक्टर गाठा.

> सावधान: दाराचं हँडल, मोबाइल, नळ. घरातल्या इतरांना पुरळ उठतं ते बहुतेक वेळा या तीन ठिकाणांवरून. मोजे काढल्याशिवाय यांना हात लावू नका.

टप्पा २: वाडगा निवडा आणि कोरडा करा

वाडगा साधारण १२०० ते १२५० अंशांवर भाजलेला हवा. ७००–८०० अंशांचं बिस्किट, म्हणजे ग्लेझ न देता एकदाच हलकं भाजलेलं भांडं, स्वस्त मिळतं आणि उरुशी भराभर पितं, त्यामुळे नवशिक्याला ते बरं वाटतं. पण त्याला थरांमागून थर लागतात आणि भांडं ठिसूळ ते ठिसूळच राहतं.

घरच्या घरी तपासायला कोरडा वाडगा वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, गार होईपर्यंत पाण्यातच ठेवा, वरवर पुसून पुन्हा वजन करा. ३०० ग्रॅमच्या वाडग्याचं वजन ९ ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं, म्हणजे ३ टक्क्यांवर गेलं, तर तो वाडगा बाजूला ठेवा.

ग्लेझ असलेल्या भागावर उरुशी द्यायचीच असेल तर आधी डायमंड पॅडने तिथली चकाकी पूर्ण मारावी लागते. तेवढं करूनही पकड उघड्या मातीइतकी येत नाही. तयार गुळगुळीत पोर्सेलीनवर हा प्रयोग शिकू नका.

बाहेरची बाजू ओल्या डायमंड पॅडने किंवा खरखरीत वॉटर पेपरने घासा. मातीतल्या रेतीचे वर आलेले कण आत्ताच गेले पाहिजेत, कारण पुढे प्रत्येक थरातून ते डोकं वर काढतात आणि घासताना नेमके तेच उघडे पडतात. मग भांड्याच्या साबणाने धुवा, स्वच्छ पाण्यात खळबळा आणि रिकाम्या ओटीजीत १५० अंशांवर एक तास ठेवा. ही पायरी बहुतेक जण वेळ वाचवायला गाळतात. मातीत राहिलेलं पाणी नंतर वाफ होऊन उरुशीतून बाहेर येतं आणि थरावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात.

आता हद्द आखा. काठाखाली ५ मिलिमीटर आणि तळकड्याच्या वर २–३ मिलिमीटर जागा मास्किंग टेपने झाका. ओठ लागतो तो काठ आणि टेबलावर घासतो तो तळ, दोन्हीकडे उरुशी टिकत नाही.

टप्पा ३: भाजलेला पाया

सगळं काम या टप्प्यावर उभं आहे, म्हणून थोडं कारण समजून घ्या.

साध्या खोलीत उरुशी वाळते ती तिच्यातल्या लॅकेज नावाच्या विकरामुळे. त्याला दमट हवा लागते. तापमान ६०–७० अंशांच्या वर गेलं की हे विकर निकामी होतं. १२० अंशांच्या वर मात्र विकराशिवाय, नुसत्या उष्णतेने उरुशी घट्ट होते आणि अशी घट्ट झालेली उरुशी मातीला फार चांगली चिकटते. मधलं तापमान सगळ्यात वाईट. ८०–९० अंशांवर वाडगा तासभर ठेवला तर विकर मेलेलं असतं आणि उष्णता पुरेशी मिळालेली नसते. तो थर मग दमट पेटीत आठवडाभर ठेवला तरी चिकटच राहतो. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत २०–३० अंशांचा फरक सहज असतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवायचा तो याचसाठी.

१. कच्ची उरुशी ७ भाग आणि टर्पेंटाइन ३ भाग मिसळा. एका थराला २ ग्रॅम मिश्रण पुष्कळ होतं.

२. धागे न सुटणाऱ्या सुती कापडाच्या बोळ्याने ते मातीत चोळा. दहा मिनिटं थांबा.

३. टिश्यूने पुसा. टिश्यूवर डाग फिका होईपर्यंत पुसत राहा. पृष्ठभाग चकाकत असेल तर उरुशी अजून जास्त आहे.

४. टेप काढा. टेपसकट भाजलं तर गोंद कायमचा चिकटतो.

५. अर्धा तास हवेशीर जागी ठेवा. टर्पेंटाइन पेट घेतं, त्यामुळे वास ओसरल्याशिवाय वाडगा ओव्हनमध्ये जाऊ देऊ नका. जवळ गॅस, देवघरातला दिवा, काहीही पेटतं नको.

६. थंड ओटीजीत तारेच्या स्टँडवर वाडगा ठेवा. वरची कॉइल बंद करा. ती बंद होत नसेल तर वर फॉइलचा आडोसा करा, नाहीतर वरचा भाग करपतो.

७. ३० ते ४० मिनिटांत तापमान हळूहळू १४०–१५० अंशांवर न्या आणि एक तास तिथेच ठेवा.

८. बंद करा. आतलं तापमान ५० अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडू नका.

हे काम गॅलरीत किंवा उघड्या पडवीत करा, धूर येतो. या ओटीजीत पुन्हा कधी पाव-बिस्किटं भाजायची नाहीत. २०० अंशांच्या आसपास गेलात तर जळका वास येतो, थर निस्तेज आणि ठिसूळ होतो. तसं झालं तर खरवडून पहिल्यापासून सुरुवात.

> तपासणी: पांढऱ्या कापडावर टर्पेंटाइन घेऊन थर चोळा. कापडावर तपकिरी डाग आला तर भाजणी अपुरी आहे. वाडगा पुन्हा १५० अंशांवर एक तास ठेवा. याच वेळी सुधारलं तर थर वाचतो.

असे तीन थर द्या. प्रत्येक थरापूर्वी टेप नव्याने लावा आणि आधीचा थर ६०० नंबरच्या पेपरने पाण्यात हलका घासा. कोरडं घासू नका. उरुशीची धूळही अंगावर उठते.

टप्पा ४: दमट पेटी आणि काळे थर

झाकणाचं थर्माकोलचं खोकं पुरतं. तळाशी पिळलेलं ओलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर वाडगा, बाजूला हायग्रोमीटर. तापमान २० ते २५ अंश आणि आर्द्रता ७० ते ७५ टक्के ठेवा.

महाराष्ट्रात करणाऱ्यांना हवामानाची अडचण दोन्ही टोकांना येते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा नागपुरात दुपारची हवा इतकी कोरडी असते की झाकण नीट बसलं नाही तर उरुशी वाळतच नाही. जुलैत रत्नागिरीत उलट प्रकार: फडक्याची गरजच नसते आणि थर इतक्या झपाट्याने वाळतो की वरची साय आकसून सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात फडकं काढा, खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर लावा, पहिले चार-पाच तास ६०–६५ टक्क्यांवर काढा आणि मगच वाडगा दमट हवेत न्या.

उरुशीच्या प्रत्येक ट्यूबचा वाळण्याचा वेग वेगळा असतो. काचेच्या पट्टीवर आधी एक जाड आणि एक पातळ पट्टा ओढून पेटीत ठेवा आणि दर तासाला पाहा. ही पट्टी न करता थेट वाडग्यावर जाणं म्हणजे अंदाजपंचे काम.

काळी उरुशी कागदातून पिळून गाळा. पट्टीवर पातळ पसरवून कचरा दिसतो का बघा, दिसला तर पुन्हा गाळा. ब्रशने आधी आडवी पसरवा, मग उभी, आणि शेवटचा हात काठाकडून तळाकडे एकाच दिशेने. १ ते १.५ ग्रॅममध्ये अख्खा वाडगा झाला पाहिजे. त्याहून जास्त लागली तर थर जाड आहे, ओघळ येणार. पहिला तासभर दर दहा मिनिटांनी वाडगा उलटासुलटा करा.

२४ तासांनी १००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासा, पुन्हा थर द्या, पुन्हा घासा. तीन थर पुरे. शेवटचा थर १५०० नंबरने एकसारखा मंद करून ठेवा. चकाकत्या पृष्ठभागावर पुढचं चित्र नीट धरत नाही.

> तपासणी: घासल्यावर उजेडात तिरका धरा. चकाकते ठिपके म्हणजे खोलगट जागा, तिथे पेपर पोचलेला नाही. तपकिरी किंवा मातकट ठिपका दिसला तर थर फाटला आहे. चित्राकडे वळू नका, आधी आणखी एक काळा थर द्या.

टप्पा ५: चित्र उतरवणं

पातळ कागदावर चित्र काढा. वाडगा गोल असल्यामुळे सपाट कागदाला घड्या पडतात. कागदाला कडेने काप द्या, म्हणजे तो अंगाबरोबर बसतो. पारंपरिक रीत अशी: थोडी उरुशी तापवून तिची वाळण्याची शक्ती मारायची (टप्पा ३ मध्ये जी चूक सांगितली तीच इथे मुद्दाम करायची), कागदाच्या मागच्या बाजूने तिच्या बारीक रेघा ओढायच्या, कागद वाडग्यावर दाबायचा आणि उठलेल्या अस्पष्ट रेघांवर पांढरी भुकटी फिरवायची. सुरुवातीला कागदाच्या मागे पांढरा खडू चोळून वरून गिरवलंत तरी भागतं.

चायना मार्करसारखी तेलकट पेन्सिल वापरू नका. तिच्या मेणावर उरुशी धरत नाही आणि सोनं बरोबर त्या रेघेतून सुटतं. बोटांचे ठसेही तेच करतात, म्हणून चित्र उतरवण्याआधी पृष्ठभाग एकदा स्पिरिटने पुसा.

टप्पा ६: रेघा आणि पेरणी

कुंचला ठेवताना तेलात भिजवून ठेवलेला असतो. ते तेल टर्पेंटाइनमध्ये दोन-तीनदा धुऊन पूर्ण काढा. गोडेतेल वाळत नाही आणि त्याचा अंश उरला तरी रेघ दिवसेंदिवस ओली राहते. काम संपल्यावर उलट करा: टर्पेंटाइनने धुवा, मग तेलात घोळवा.

लाल उरुशी गाळून घ्या आणि रेघ शक्य तितकी पातळ ओढा. लाल रंगाचा फायदाच हा की जाडी डोळ्यांना दिसते. रेघ फिकट, पारदर्शक लाल दिसली तर बरोबर. गडद, फुगीर लाल दिसली तर तिथे सुरकुती येणार आणि सोनं बुडणार. पान भरायचं असेल तर आधी कडा, मग आतला भाग. कुंचल्याचा दाब पात्याच्या बुंध्याशी थोडा आणि टोकाला जवळजवळ शून्य. गवताची लांब पाती एका दमात ओढायची, मध्ये थांबलात की तिथे गाठ उमटते. वीस मिनिटांत पूर्ण होईल एवढाच भाग घ्या.

पेरणीची वेळ भुकटीवर ठरते आणि सगळ्यात जास्त सोनं वाया जातं ते इथे.

गोल भुकटीचा कण जड असतो, त्याला उरुशीत अर्धा रुतायला ओलावा हवा. १ ते ३ नंबरची भुकटी रेघ ओढल्यावर १० ते ३० मिनिटांत पेरा. बारीक भुकटी (केशीफुन) वर्खापासून केलेली असते आणि फार हलकी असते. ती ओल्या उरुशीवर टाकली तर बुडून तपकिरी होते. तिच्यासाठी रेघ अर्धवट वाळेपर्यंत थांबायचं. तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडा: रेघेवर निळसर धुकं धरलं तर वेळ आली. काहीच धरलं नाही तर पेटीत आणखी ठेवा.

वाडग्याखाली गुळगुळीत, स्वच्छ कागद पसरा. नळी रेघेच्या जवळ तिरकी धरा आणि बोटाने टिचकी मारत रेघ पूर्ण झाकेपर्यंत भुकटी सोडा. कंजूषी केली तर मध्ये लाल उरतं. जास्त पडलेलं सगळं मऊ कोरड्या ब्रशने ओल्या रेघेवरून ढकलत न्या म्हणजे उरलेले खड्डे भरतात, मग कागदावर गोळा करून परत नळीत भरा. पंखा बंद, एसी बंद, खिडकी बंद.

सराव चांदीवर करा. पितळेची भुकटी स्वस्त असते आणि सोन्यासारखी दिसते, पण ती काळवंडते. काचेच्या पट्टीवरच्या सरावापलीकडे तिचा उपयोग नाही. खाण्याच्या भांड्यावर तर नकोच.

टप्पा ७: भुकटी पक्की करणं आणि घासणं

दोन-तीन दिवस पेटीत ठेवा. मग कच्ची उरुशी आणि टर्पेंटाइन निम्मंनिम्मं करून फक्त चित्रावर लावा आणि लगेच टिश्यूने टिपा. टिपायचं, चोळायचं नाही. उरुशी कणांमधल्या फटींत उतरते आणि त्यांना धरून ठेवते. २४ तासांच्या अंतराने हे तीनदा करा. या वेळी सोनं तपकिरी, मळकट दिसतं आणि बरेच जण घाबरून जोरात पुसतात. पुसू नका.

तीन दिवसांनी कोळशाच्या टोकदार तुकड्याने किंवा २००० नंबरच्या पेपरच्या चिमुकल्या तुकड्याने पाण्यात घासा. कणांचे फक्त माथे उघडे पडायला हवेत, खालचा अर्धा भाग उरुशीत रुतलेला राहू दे. चमक आली की थांबा. आणखी चमक मिळेल म्हणून घासत राहिलात तर लाल दिसतं, आणि ते परत भरता येत नाही. शेवटी बारीक पॉलिश पावडर आणि एक थेंब तेल बोटावर घेऊन चोळा. केशीफुन वापरली असेल तर घासूच नका. तिला पक्कं करायचा हात एकदाच आणि अगदी हलका, मग मऊ सुती कापडाने झिलई.

टप्पा ८: थांबणं आणि वापर

वाडगा हाताला कोरडा लागला म्हणजे तयार झाला असं नाही. किमान एक महिना उघड्यावर ठेवा. वास उरला तर काही दिवस तांदळाच्या डब्यात ठेवतात ही जपानी घरातली जुनी रीत, चालते छान.

मऊ स्पंजने धुऊन लगेच पुसा. डिशवॉशर, ओव्हन आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवणं वर्ज्य. मायक्रोवेव्हमध्ये सोन्याच्या ठिणग्या उडतात. उन्हाच्या खिडकीत ठेवला तर काळी उरुशी राखी, निस्तेज होत जाते. चांदीचं चित्र अंड्यातल्या आणि कांद्यातल्या गंधकामुळे काळपट पडतं. ते अनेकांना आवडतं, पण ज्यांना नको असेल त्यांनी सुरुवातीलाच सोनं घ्यावं.

बिघडलं तर कुठे पाहायचं

- काळा थर पापुद्र्याने सुटला: पाया भाजलेला नाही, कमी भाजला, किंवा त्याखाली ग्लेझ आहे. वरून डागडुजी होत नाही, मातीपर्यंत घासा.
- सुरकुत्या: थर जाड किंवा हवा फार दमट. महिनाभर वाळू द्या, कारण सुरकुतीच्या पोटात उरुशी ओलीच असते. मग सपाट घासा.
- छिद्रं: मातीत पाणी होतं. काळा थर घासून त्यांत कच्ची उरुशी आणि तोनोको मातीची लापशी भरा. आधी १० भाग तोनोको पाण्यात मळा, मग मापाने ४ भाग उरुशी घाला. दोन दिवस वाळवा.
- सोनं तपकिरी आणि निस्तेज: भुकटी लवकर पेरली किंवा रेघ जाड होती. हलकं घासून पाहा, गोल भुकटी असेल तर पुष्कळदा वर येते.
- सोनं बोटाला लागतं: भुकटी उशिरा पेरली. पक्कं करायचे तीन हात पुन्हा द्या. तरीही सुटत असेल तर तेवढी रेघ १५०० नंबरने काढून टप्पा ५ पासून नव्याने करा.